आपल्या धंद्याचं बोलेल, तो भरीत ठेचेल!

किस्से मुद्दाम कोणी साठवत नाही. ते आपोआप साठतात, माझ्या दुकानात रंगाचे रिकामे डबे साठायचे तसे. एक काढायला जावं, तर चार गडगडत अंगावर येतात!

आता तुम्ही विचारलंत धनाभाऊंच्या मोटारीचं. सांगतो. पण ती गोष्ट एकदम सांगून तुम्हाला कळायची नाही. आधी बडगी कळायला हवी, नाना कळायला हवेत, आणि सखुअक्काचा आवाज तर कानात बसायलाच हवा. तेव्हा जरा दमानं घ्या. चहा सांगा.

मी पाट्या रंगवणारा. मूळचा धुळ्याचा. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आगेमागे ब्रश आणि एक वळकटी घेऊन जळगावात उतरलो. गावात कुत्रं ओळखत नव्हतं. पुढे जे काही झालं ते एका भरीत पार्टीच्या जिवावर झालं, हे मी आजही चारचौघांत सांगतो.

*

हिवाळ्यात जळगावात भरताच्या पार्ट्या होतात, हे काही मी सांगायला नको. शेतात कापसाच्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यात ती मोठी हिरवी वांगी भाजायची, सोलायची आणि बडगीत घालून मिरची-लसणाबरोबर ठेचायची. बडगी म्हणजे लाकडाचं लांबट खोलगट भांडं. वर दणकट मुसळी. ठेचणाऱ्याचे खांदे भरून येतात, डोळ्यांतून पाणी येतं, आणि बाकीचे बाजूला बसून "अजून बारीक, अजून बारीक" म्हणतात.

आमची पार्टी सखुअक्काच्या मळ्यात. अक्का विधवा बाई, मिरची कांडून तिखट-मसाला विकायची. तिच्या तिखटावर आणि तिच्या बोलण्यावर अख्खं जळगाव शिंकायचं! तिनं पहिल्यांदा आसपासच्या धंदेवाल्यांना बोलावलं ते राजारामनानांच्या सांगण्यावरून. नाना केळीचे आडत्ये, धुळ्याकडचे. गावोगावच्या बागांतली केळी घेऊन रेल्वेनं बाहेर पाठवायचे.

तर पहिल्याच पार्टीत काय झालं? जो तो आपलं गाणं गायला लागला. सोडावाला सोड्याचं, लोखंडवाला खिळ्यांचं, नाना केळीचं. सगळ्यांची तोंडं चालू, कान सगळ्यांचे बंद. वांग्यांकडे बघायचं कोणी? धूर नाकात गेला तेव्हा शुद्धीवर आलो. वांग्यांचा कोळसा!

अक्का अशी भडकली की मी पाण्याच्या घागरीमागे जाऊन उभा राहिलो.

"इतली नामी वांगी जाळी टाकी तुम्ही! बठ्ठा आपलंच सांगी ऱ्हायनात, आयकी कोन ऱ्हायना?"

नाना मान खाली घालून बसले होते. मग उठले, मुसळी उचलून उभी धरली आणि जाहीर केलं, "आतेपासून आठे जो आपला धंदानं बोली, तो भरीत ठेची!"

"आणि दुसऱ्याच्या धंद्याचं बोलला तर?" कोणीतरी विचारलं.

"तो बसीसन खाई!"

झाला कायदा. आपल्या धंद्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, दुसऱ्याच्या धंद्याबद्दल हवं तेवढं बोला. सरकारचे कायदे बदलले, हा बदलला नाही.

*

हा कायदा टेकुमलला कोणी सांगितला नव्हता.

टेकुमल सिंधमधून आलेला. सगळं तिकडे टाकून, बायको आणि म्हातारी आई घेऊन जळगावात पोचला होता. खांद्यावर कापडाचे गठ्ठे टाकून दारोदार फिरायचा. अक्काच्या दारीही आला. तिनं लुगडं घेतलं नाही, पण म्हणाली, "उद्या मळात ये भाऊ, जेवाले."

आला बिचारा. एवढी गिऱ्हाइकं एका जागी बसलेली पाहून त्याला वाटलं, देवच पावला! गठ्ठा सोडला आणि सुरू झाला. हे पाहा धोतर, ही पाहा छीट, हात लावून पाहा साईं, धुतलं तरी रंग हलणार नाही! सगळे गालातल्या गालात हसतायत. त्याचं संपल्यावर अक्कानं शांतपणे मुसळी त्याच्या हातात दिली.

त्यानं ठेचलं. पुढच्या खेपेलाही राहवलं नाही, पुन्हा बोलला, पुन्हा ठेचलं. त्याच्या पहिल्या हिवाळ्यात दुसऱ्या कोणावर ठेचायची पाळीच आली नाही. पण झालं असं, की घाम पुसत ठेचणाऱ्या या माणसाला पाहून सोडावाल्यानं आपल्या दुकानाची अर्धी ओटी त्याला बसायला दिली. लोखंडवाल्यानं गज दिला, कापड टांगायला. पाटी मी रंगवली.

पुढे टेकुमलचं मोठं दुकान झालं. कोणी विचारलं, धंद्याची सुरुवात कशी केली, तर छाती फुगवून सांगायचा, "साईं, मी जळगावात पहिलं दुकान कपड्याचं नाही लावलं. भरताचं लावलं!"

*

कायद्याचा दुसरा परिणाम असा, की आपलं बोलता येत नसल्यामुळे दुसऱ्याची स्तुती करण्यात एकेक जण पटाईत झाला. फार पटाईत झाला!

माझंच बघा. माझ्याकडे काम नव्हतं. नाना धुळ्याच्या बाजारात गेले आणि तिथे आलेल्या जळगावच्याच एका मोठ्या जिनवाल्याला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या मालकाला, म्हणाले, "आमना पेंटरना रंग म्हनजे काय! बैलनी अंग घासं तरी निंघाव नही."

मला याची कल्पना नाही. पोळ्याच्या आधी सकाळी दार उघडलं, तर दारात बैलजोडी उभी! जिनवाल्याचा गडी म्हणाला, "मालकांनी सांगितलंय, शिंगं रंगवून घे. आणि रंगवल्यावर घासून बघ."

काय करणार? रंगवली शिंगं. शिंगाला पाटीचा पक्का रंग लावणारा हिंदुस्थानातला मी पहिलाच असेन. एका बैलानं माझ्याच दरवाजाला शिंग घासलं. दरवाजाचा रंग निघाला, शिंगाचा नाही!

गड्यानं हे मालकाला जसंच्या तसं सांगितलं. आठवड्याभरात जिनवाल्याचं बोलावणं आलं. फाटकापासून गोदामापर्यंतच्या सगळ्या पाट्या माझ्या. ते घराणं पुढे कायमचं माझं झालं. नानांना मी म्हणालो, "नाना, जरा कमी सांगत जा हो."

नाना म्हणाले, "कमी सांगतू तर बैल येतात, मालक येता नही."

*

एकदा मुंबईचे एक विमा एजंट आले. चिटणीस नाव. कोट, टाय, आणि खिशात छापील कार्डांची चळत. पऱ्हाट्या पेटवत होतो तर यांनी आम्हाला समजावून सांगितलं, की धंद्याची ओळख वाढवायची शास्त्रीय पद्धत असते. भेटला माणूस की द्यायचं कार्ड. बास! मुंबईत सगळे असंच करतात.

प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड आलं. अक्कालाही मिळालं. तिनं उलटंपालटं करून पाहिलं. आदल्या दिवशी दव फार पडलेलं, पऱ्हाट्या ओल्या, जाळ काही धरत नव्हता. अक्कानं कार्ड जाळात सारलं. भपकन पेटलं.

"भारी कागद शे!" असं म्हणून तिनं आम्हा सगळ्यांची कार्डं गोळा केली.

चिटणीसांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो बाई, त्यावर माझं नाव होतं!"

अक्का फुंकर मारता मारता म्हणाली, "मंग तोंडघाई सांगा ना भाऊ. मी काय भयरी शे?"

त्यांनी तोंडानं नाव सांगितलं. मग गाव सांगितलं, मग आई कुठली ते सांगितलं. आई निघाली एदलाबादची, म्हणजे अक्काच्या माहेरच्या वाटेवरची! मग काय, चिटणीस अक्काचे भाचे झाले. पुढच्या हिवाळ्यात आले ते बिनकार्डाचे. टायसुद्धा काढून ठेवला. विम्याचं बोलल्याबद्दल मुकाट्यानं भरीत ठेचलं, आणि पहिला विमा उतरवला तो टेकुमलनं.

*

आता नानांची लबाडी सांगायला हवी. कायदा त्यांनी केला, पण स्वतः मुसळीला कधी हात लावला नाही. "मना हातले मुसळी माहीत नही," असं मिशीला पीळ देत सांगायचे.

युक्ती साधी. येताना केळीचा घड घेऊन यायचे आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवायचे. तोंडानं अवाक्षर नाही. कोणीतरी नवखा केळं सोलायचा, खायचा आणि म्हणायचा, "वा! कुठली हो ही?" की दुसरा सांगणार, नानांकडची. तिसरा सांगणार, अशी दुसरीकडे मिळत नाहीत. बोलणारे सगळे दुसरे! नाना आपले आभाळाकडे बघत बसलेले, जणू घडाशी त्यांची ओळखच नाही.

आम्ही त्यांना बोलतं करायला काय काय केलं! चिटणीसांनी तर एकदा मुद्दाम केळीला नावं ठेवली. नानांचे कान लाल झाले, पण तोंड उघडलं नाही. हा माणूस जन्मात ठेचणार नाही, अशी आमची खात्री झाली होती.

*

आणि आता धनाभाऊ.

धनाभाऊ जामनेरचे, आमच्या पार्टीतलेच. जामनेर-जळगाव रस्त्यावर त्यांची स्वतःची प्रवासी मोटार होती आणि ती ते स्वतःच चालवायचे. बॉनेटवरची वेलबुट्टी माझ्या हातची. रस्त्यावरच्या प्रत्येक गावातलं प्रत्येक घर त्यांना ठाऊक. कोणाची लेक माहेरी निघालीय, कोणाचा म्हातारा दवाखान्यात आहे, सगळं ठाऊक. म्हातारी शेतातून हात करत येताना दिसली, तर ती बांध ओलांडून येईपर्यंत मोटार उभी! आतल्यांनी कुरकुर केली की म्हणायचे, "तुम्ही म्हतारे झाल्यावर तुमच्यासाठी बी थांबीन."

आणि आमची जाहिरात? ती त्यांच्यासारखी कोणी केली नाही. जळगाव आलं की उतरणाऱ्याला विचारल्याशिवाय सोडायचे नाहीत. तिखट घ्यायचंय? अक्का. कापड? टेकुमल. पाटी? आमचा पेंटर.

एकदा जामनेरचं वऱ्हाड जळगावला घेऊन निघाले. थोडी गिऱ्हाइकं बाहेरचीही होती. जळगाव जवळ आल्यावर नवरदेवाच्या काकाला आठवलं, फेट्यांची पेटी घरीच राहिली! रडारड सुरू झाली. धनाभाऊंनी मागे न बघता सांगितलं, "फेट्याची काळजी मह्यावर सोडा," आणि मोटार थेट टेकुमलच्या दारात लावली.

टेकुमलकडे एकच रंग होता. झगझगीत गुलाबी. वर्षभर पडून होता, कोणी विचारत नव्हतं. तो इतका खूश झाला, की वऱ्हाडाला बांधून झाल्यावर उरलेल्या प्रवाशांनाही बांधत सुटला. दात काढायला निघालेले एक मास्तर होते, त्यांनाही बांधला!

मोटार मांडवापाशी थांबली. नवरीकडच्यांनी पाहिलं, एवढे गुलाबी फेटे! सगळ्यांना उतरवलं, गुलाबपाणी शिंपडलं आणि पंगतीला बसवलं. मास्तर गाल धरून सांगतायत, "अहो, मी वऱ्हाडी नाही, मी दात काढायला चाललोय!"

नवरीचे वडील हात जोडून म्हणाले, "काढा ना मास्तर! पण आधी जेवून घ्या, मग चावता येणार नाही!"

त्या घरचे पुढचे सगळे बस्ते टेकुमलकडे झाले आणि सगळी वऱ्हाडं धनाभाऊंच्या मोटारीतून गेली. मास्तर तर दर वेळी आपणहून हजर असायचे.

*

मग बोलवा उठली, की जामनेर रस्त्यावर सरकारी मोटारी धावणार. सगळीकडेच धावायला लागल्या होत्या. लोकांच्या दृष्टीनं चांगलंच होतं, नव्या गाड्या, ठरलेली वेळ. पण आम्हाला धनाभाऊंची काळजी. ते मात्र हसायचे.

"धावू द्या ना भो! रस्ता मोठा हाये. मह्या गाडीत बसनारं मानूस मह्याच गाडीत बसीन."

कायद्याप्रमाणे त्यांच्या धंद्याचा विषय आम्ही काढू शकत होतो. पण हसणाऱ्या माणसापुढे असला विषय काढायचा कोणी? नाही काढला. ही आमची चूक, आणि ती आम्हा सगळ्यांची.

त्या हिवाळ्यातली पहिली पार्टी. दर वेळी धनाभाऊंची मोटार आम्हाला टेकुमलच्या दुकानापासून मळ्यात न्यायची. त्या दिवशी आम्ही वाट पाहून दमलो आणि चालत निघालो. वांगी जाळात गेली, अक्का भाकरी थापायला बसली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा वास सुटला. तेवढ्यात बांधावरून धनाभाऊ येताना दिसले. पायी.

कोणाला रामराम नाही, काही नाही. सरळ बडगीपाशी गेले, गुडघे टेकून बसले, मुसळी उचलली आणि ठेचायला लागले.

बडगी रिकामी होती. वांगी अजून जाळात होती, मिरची-लसूणसुद्धा पडला नव्हता. लाकडावर लाकूड आपटत होतं, ठक, ठक. आम्ही बघतोय.

पुष्कळ वेळ ठेचून झाल्यावर ते थांबले.

"ठेचलं ना मी? आता मी मह्या धंद्याचं बोलतो."

अक्कानं तव्यावरची भाकरी खाली उतरवली.

"परमिट संपलं. नवं भेटनार नाही. गाडी घरी उभी हाये, पोरं तिच्यात खेळतात." मुसळी त्यांच्या हातातच होती. "आज मी सरकारी मोटारीत बसून आलो. कंडक्टर चांगला होता बिचारा. तिकीट फाडून हातात देलं. इतके वर्स मी लोकाइले बसवलं, आज मले कोनी तरी बसवलं. आता मले दुसरं काहीच येत नाही भो. मी काय करू, ते सांगा."

टेकुमल तोंड फिरवून बसला. सगळं जाणं म्हणजे काय, हे आमच्यात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

तेवढ्यात नाना उठले. धोतर सावरत बडगीपाशी गेले, धनाभाऊंच्या हातातून मुसळी काढून घेतली आणि रिकाम्या बडगीत दणादण ठेचायला लागले. नाना! आम्ही आ वासून बघत राहिलो.

"आते मनं आयका," नाना धापा टाकत म्हणाले. "मनी केळी बैलगाडीवर टेसनपावत जातस, नि वाटमाच काळी पडतस. माले लॉरी जोयजे. इतला दिन लिधी नही, कारन भरवसाना मानूस नही. धना, तुनी मोटारना शीटा काढी टाक. मालनं परमिट आपण मांगू. माले तू जोयजे!"

"सरका नाना," अक्का पिठाच्या हातानंच आली आणि तिनं मुसळी ओढून घेतली. "मनं तिखट धुळाले जावाले पडी ऱ्हायनं. येताना गाडी मोकळी कसाले आनस? तठेन मिरची आन!" ठक, ठक!

मग झुंबडच उडाली. टेकुमलला आठवडी बाजारांना गठ्ठे पाठवायचे होते. सोडावाल्याला बाटल्या फुटू न देता नेणारा हवा होता. चिटणीस ओरडत होते, "लॉरीचा विमा मी उतरवणार, द्या इकडे मुसळी!" प्रत्येकाला आपल्या धंद्याचं बोलायचं होतं आणि त्यासाठी प्रत्येकाला ठेचायचं होतं. भांडाभांडी! धनाभाऊ मधे बसून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघतायत.

सगळ्यात शेवटी मुसळी माझ्या हातात आली. माझा कसला आलाय माल? मी दोन ठोके दिले आणि म्हणालो, "मला रंगवायला एक लॉरी पाहिजे."

धनाभाऊ त्या दिवशी पहिल्यांदा हसले. हसता हसता नाक वर करून त्यांनी वास घेतला.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "वांगी!"

सगळे धावलो. वांग्यांचा कोळसा!

मी सवयीनं पाण्याची घागर कुठे आहे ते पाहिलं. पण अक्कानं जाळातून एक काळं ठिक्कर वांगं बाहेर काढलं, बडगीत टाकलं आणि मुसळी धनाभाऊंपुढे केली.

"ठेच. आज हाईच खाऊत."

आम्ही तेच खाल्लं. नानांनी दोनदा मागून घेतलं.